आधी खाटा मोजा

गेल्या पावसाळ्यात एका रुग्णालयात नर्सेसच्या मुलाखती घ्यायला मी बसले होते. चौथी की पाचवी मुलगी आत आली. बी.एस्सी. नर्सिंग, प्रथम श्रेणी, लॉगबुकाला खाकी कव्हर, अक्षर मोत्यासारखं. प्रसूतीच्या पानावरचे सगळे रकाने भरलेले, प्रत्येक नोंदीपुढे सही. मी म्हटलं, "बाळ, या मॅडमचं बीपी घेऊन दाखव." तिने कफ उलटा गुंडाळला. नळ्या कोपराच्या मागे गेल्या आणि स्टेथोस्कोप तिने बाहीच्या कापडावरच टेकवला. हात थरथरत होते. मला आधी वाटलं, घाबरली असेल, म्हणून पाणी दिलं आणि पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच झालं.

मग ती रडायलाच लागली. तिच्या कॉलेजला स्वतःचं रुग्णालय नव्हतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याशी कागदावर करार होता. आठवड्यातून दोनदा बस जायची आणि त्याच वॉर्डात आणखी तीन कॉलेजांच्या मुली आधीच उभ्या असायच्या. "मॅडम, पेशंटला हात लावायचा नंबरच यायचा नाही." चार वर्षं, वडिलांनी काढलेलं कर्ज, वसतिगृहाचे पैसे, आणि शेवटी हात कोरेच. त्या मुलीचा यात काडीचाही दोष नाही. बारावीनंतर तिच्या घरात फक्त एकच प्रश्न विचारला गेला होता : बी.एस्सी. बरं की जीएनएम? कॉलेजच्या मागे भरलेला वॉर्ड आहे का, हे विचारायचं असतं हेच त्या घराला कुणी सांगितलं नव्हतं.

मी बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि पुढे नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. त्यामुळे मे-जून आला की ओळखीतले पालक प्लास्टिकची फाइल घेऊन येतात. त्यांच्याशी जे बोलते, तेच इथे लिहिते आहे.

नर्सिंगमध्ये शिरायची दारं तीन. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी असतो. ही मुलगी पुढे आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्रात बसते, गावात लसीकरण करते, गरोदर बायकांची नोंद ठेवते. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेली व्यक्ती राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून नोंदणीकृत परिचारिका होते आणि सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका पदासाठी अर्ज करू शकते. वॉर्डात या दोघी शेजारीशेजारी काम करतात. रुग्णाला फरक कळत नाही, आणि सलाईन लावताना तो नसतोही.

मग एकाच कामाला दोन शिक्षणं का? याला इतिहास आहे. आपल्याकडे नर्सिंग सुरू झालं ते रुग्णालयाच्या आवारात. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सेवासदन उभं राहिलं. तिथल्या बायका, त्यातल्या कित्येक विधवा, नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. चांगल्या घरातल्या बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्या बायकांनी लोकांचं बोलणं सोसलं, म्हणून आज आपल्या मुली पांढरा ड्रेस घालून एसटीत बिनदिक्कत बसतात. रुग्णालयाच्या शाळेची रीत साधी होती : शिकणारी मुलगी हीच वॉर्डातली काम करणारी. सकाळी बिछाने, मग ताप-नाडी-श्वासाची नोंद, मग ड्रेसिंग, वेळ उरला तर तास. जीएनएम याच परंपरेतून आलं. विद्यापीठाची पदवी पुष्कळ उशिरा आली. देशातलं पहिलं बी.एस्सी. नर्सिंग १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे सुरू झालं. त्यात शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, संशोधन, व्यवस्थापन असे विषय नीट बांधून आले. रुग्णाची अवस्था का बदलते आहे याचा विचार करणारी नर्स घडवायची, हा त्यामागचा हेतू.

म्हणून जुन्या सिस्टर अजूनही म्हणतात, "जीएनएमचा हात चांगला, बी.एस्सी.चं डोकं चांगलं." हे आता फारसं खरं राहिलेलं नाही. २०२१-२२ पासून बी.एस्सी. नर्सिंग सत्र पद्धतीने चालतं. आठ सत्रं असतात आणि शेवटचं सत्र जवळजवळ पूर्ण वॉर्डातच जातं. हात चांगला होईल की नाही, हे कॉलेजपाशी किती खाटा आहेत आणि त्यांवर रुग्ण आहेत का, यावर ठरतं. भरल्या रुग्णालयातलं जीएनएम रिकाम्या इमारतीतल्या बी.एस्सी.पेक्षा मी कधीही वर ठेवीन.

पण दोन्हीकडचा वॉर्ड सारखाच चांगला असेल, तर? मग बी.एस्सी. घ्या, असं मी स्पष्ट सांगते. कारण वर्षांच्या हिशेबात आहे. थेट बी.एस्सी. केलं तर चार वर्षांत पदवी हातात. जीएनएम करून मागाहून पदवी हवी असेल, तर पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणखी दोन वर्षांचं, म्हणजे एकूण पाच. एएनएमपासून सुरुवात केली तर दोन, तीन आणि दोन अशी सात. नोकरीतही अंतर पडतं. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी नॉरसेट नावाची सामाईक परीक्षा होते. या पदाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. बी.एस्सी. झालेल्या मुलीला या परीक्षेला लगेच बसता येतं. जीएनएम झालेलीला आधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे डिप्लोमाने वाचवलेलं एक वर्ष इथे दोन वर्षं होऊन परत जातं. एम.एस्सी.ला जायचं, शिकवायचं, पुढे अतिदक्षता विभागात नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं, तर पदवी लागतेच, आणि एम.एस्सी.साठी पदवीनंतर एक वर्षाचा अनुभवही.

तरीही जीएनएम ही मागची वाट आहे असं कुणी समजू नये. बारावीला कला किंवा वाणिज्य घेतलेल्या मुलीसाठी तेच मुख्य दार आहे. त्याला कोणतीही शाखा चालते, इंग्रजी घेऊन ४० टक्के हवेत. घरात तीन वर्षांनी पगार यायलाच हवा अशी परिस्थिती असेल, तर जीएनएम करा, नोकरीला लागा आणि चार पैसे गाठीला बांधून मग पोस्ट बेसिक करा. माझ्या ओळखीतल्या कितीतरी परिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका याच वाटेने वर गेल्या. एएनएमबद्दल मात्र मी सावध असते. गावातच राहून आरोग्य सेविकेचं काम करायचं आहे, असं मुलीने स्वतः ठरवलं असेल तर ते फार मोलाचं काम आहे. पण "आधी हे करू, मग बघू" म्हणून एएनएम घेतलं, तर त्या बघण्यात वर्षं जातात. परदेशाचा विचार असेल तर एएनएमवर नोंदणीकृत नर्स म्हणून जाता येत नाही. जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्हींना तिकडची दारं उघडी आहेत, पण खरी परीक्षा भाषेची असते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. तिकडे जायचं मनात असेल, तर दुसऱ्या वर्षापासूनच जर्मनचा क्लास लावा. पदवी मिळाल्यावर लावला तर ते वर्ष तसंच जातं.

मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. वॉर्डात 'ब्रदर' हवेच असतात. अस्थिव्यंग, मनोरुग्ण, अपघात विभागात त्यांच्यावाचून अडतं. जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही त्यांना खुलं आहे. पण नॉरसेटमध्ये स्त्रिया आणि पुरुष यांच्या जागा ८० आणि २० अशा वाटलेल्या आहेत. त्यामुळे मुलाला याच परीक्षेसाठी मुलीपेक्षा जास्त गुणांची तयारी लागते. हे त्याला आधीच सांगावं.

आता प्रवेश. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा आहे. या प्रवेशाला नीटचे गुण लागत नाहीत. पात्रता म्हणजे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी, पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४०, आणि त्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण. गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्या मुलीला इथे जागा नाही. हे अकरावीतच लक्षात आलं पाहिजे. ४५ ला दोन-तीन टक्के कमी पडले तर श्रेणीसुधार परीक्षा आहे. सहा-सात टक्के कमी पडले आणि मुलगी खरंच थकलेली असेल, तर त्याच वर्षी चांगल्या रुग्णालयाचं जीएनएम पाहा. रडत रडत घरी बसवलेलं वर्ष सहसा कुणाला गुण देत नाही.

या परीक्षेतली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. प्रश्न १००, गुण १००, वेळ दीड तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांचे प्रत्येकी २० गुण, इंग्रजीचे २० आणि नर्सिंग अभियोग्यतेचे २०. म्हणजे ४० गुण अशा भागांचे आहेत, ज्यांचा नीटच्या क्लासमध्ये एक तासही होत नाही. लातूरला दोन वर्षं क्लास केलेली मुलगी भौतिकशास्त्रात दोन गुण जास्त आणते आणि इंग्रजीत आठ गुण सोडून येते, हे मी दर वर्षी पाहते. आणि इंग्रजीचे हे २० गुण सगळ्यात लवकर वाढतात. रोज एक उतारा वाचायचा, काळ, शब्दयोगी अव्यये, समानार्थी शब्द यांचा दोन महिने सराव करायचा. मराठी माध्यमाच्या मुली इथेच हातपाय गाळतात, म्हणून मी मुद्दाम सांगते. हे इंग्रजी पुढे वाया जाणार नाही. डॉक्टरांच्या सूचना, औषधांच्या चिठ्ठ्या, पाळी बदलताना लिहायची नोंद, सगळं त्यातच असतं. अभियोग्यतेच्या भागात मुलीची सारासार समज आणि रुग्णसेवेची वृत्ती पाहिली जाते. तिथे घोकंपट्टी चालत नाही, पण प्रश्नांची तऱ्हा एकदा कळली की भीती जाते. आणि एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, गुण कापतच नाहीत तर कोरा का ठेवायचा?

सीईटीबरोबर आणखी दोन फॉर्म मी भरायला लावते. पहिला सैन्याच्या परिचर्या सेवेचा. पुण्याचं एएफएमसी आणि मुंबईचं नौदलाचं अश्विनी धरून देशात अशी सहा कॉलेजं आहेत, मिळून २२० जागा, फक्त मुलींसाठी. इथे मात्र नीटचे गुण लागतात, त्यानंतर आणखी एक लेखी परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. शिक्षण सैन्य करतं, त्याबदल्यात सेवेचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं आणि मुलगी लेफ्टनंट म्हणून बाहेर पडते. जागा थोड्या आहेत, स्पर्धा देशभराची आहे, पण नीट दिलीच आहे तर हा अर्ज न करणं म्हणजे हातातली संधी सोडणं. दुसरा फॉर्म एम्सच्या बी.एस्सी. ऑनर्स नर्सिंगचा. त्याची परीक्षा वेगळी, अर्ज वेगळा, आणि बारावीच्या चार विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के हवेत.

पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांदेखत जागा हुकल्या, त्यांतल्या अर्ध्याअधिक गुणांमुळे हुकल्या नाहीत. त्या कागदांमुळे हुकल्या. एका मुलीला राखीव प्रवर्गातून शहरातलं सरकारी कॉलेज लागत होतं. जात प्रमाणपत्र होतं, वैधता नव्हती. वडिलांना वाटलं होतं की तहसीलदाराचा शिक्का म्हणजे झालं. जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून येतं, त्याला महिने लागतात. अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकायचा असतो. आजोबांचा शाळेचा दाखला गावातल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात शोधावा लागतो, आणि ते रजिस्टर सुट्टीत बंद कपाटात असतं. नॉन-क्रिमीलेयरची मुदत, आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचं वर्ष, अधिवास, उत्पन्नाचा दाखला हे सगळं निकालाच्या आधी तयार पाहिजे. आणि नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं, आईचं नाव एकीकडे माहेरचं, असं असेल तर आजच दुरुस्त करा. पडताळणीच्या टेबलावर कुणाचं रडणं कामी येत नाही, आणि तिथल्या कारकुनाच्या हातातही ते नसतं.

मग पसंतीक्रम. इथे पालक घाबरून चूक करतात. "वरचं कॉलेज मिळणारच नाही, मग कशाला लिहायचं?" असं म्हणून खालचं पहिलं लिहितात. यादीत वरचं कॉलेज लिहिल्याने खालच्या कॉलेजची तुमची पात्रता कमी होत नाही. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि गुणांत बसेल ती पहिली जागा देतो. म्हणून ज्या क्रमाने मनापासून हवं, त्याच क्रमाने लिहा : आधी सरकारी आणि महापालिकेची कॉलेजं, मग मोठं रुग्णालय असलेल्या संस्था, मग बाकीची. जिथे जागा मिळाली तरी जाणार नाही, ते नाव यादीत घालूच नका.

आणि एजंट. निकालाच्या आठवड्यात त्याचा फोन येतोच. "कशाला फेऱ्यांच्या भानगडीत पडता, व्यवस्थापन कोट्यात आजच जागा पक्की करून देतो." मुलीच्या पालकांनी इथे एक हिशेब लक्षात ठेवावा. २०२४-२५ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. ही सवलत इतर मागास वर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना मिळते, पण केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती नाही. एजंटाच्या शब्दावर आज पक्की केलेली जागा चार वर्षांचं शुल्क खिशातून भरायला लावते. वसतिगृह, मेस, गणवेश यांचा खर्च सवलतीतही राहतोच, त्याची तयारी वेगळी करा.

आता पुन्हा खाटांकडे येते. नवं बी.एस्सी. कॉलेज काढायचं तर संस्थेचं स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय हवं, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत, दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक हवा, असे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत. कागदावर ते सगळे जण पाळतात. म्हणून आधी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांच्या यादीत बी.एस्सी.चं नाव पाहा. जीएनएम आणि एएनएम असेल तर महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची यादी पाहा. शिवाय महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे मान्यता आहे का, तेही बघा. कारण ही मान्यता नसेल तर पदवी भिंतीवर लावायच्याच कामाची उरते. यादीत नाव सापडलं की मुलीला घेऊन स्वतः जा. रविवारी नको. मधल्या वारी, सकाळी दहाच्या सुमारास, राउंड चालू असताना जा. कॉलेजच्या इमारतीत फार वेळ घालवू नका, संगणक कक्ष आणि बाहुल्यांची प्रयोगशाळा सगळीकडे छान असते. रुग्णालयात जा. ओपीडीत रांग आहे का, वॉर्डातल्या गाद्यांवर माणसं आहेत की घडी घातलेल्या चादरी, प्रसूतिगृहाबाहेर नातेवाईक बसलेत का, ते बघा.

मग गेटबाहेर चहाच्या टपरीवर थांबा. पहिली पाळी संपवून मुली तिथे येतात, ड्रेसवर कधी आयोडीनचा डाग असतो, पायांत दुखरे बूट असतात. त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखादीला प्रेमाने विचारा, "बाळ, आज तुझ्या वाट्याला किती पेशंट होते?" ती गप्प राहिली, मैत्रिणीकडे बघायला लागली, तर चहाचे पैसे द्या आणि घरी या. पण "तीन होते मावशी, सात नंबरच्या आजींचं ड्रेसिंग मीच केलं, आज जखम भरायला लागलीय" असं काही सांगत ती तिथेच उभी राहिली, तर त्या कॉलेजचा कोड पसंतीक्रमात सगळ्यात वर लिहा.